बोटाला कळतं

१४ ऑक्टोबर

दादा,

नमस्कार. वहिनीला वेगळा नमस्कार, कारण माझ्या पत्रातला नमस्कार तू तिच्यापर्यंत पोचवत नाहीस अशी तिची जुनी तक्रार आहे. दवाखान्यातून फोन केला असता, पण फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू तुझ्या सोयीने ऐकतोस. चव्वेचाळीस वर्षं इंजिनांच्या कानाशी बसल्यावर दुसरं काय होणार.

चार तारखेच्या रविवारी तू तेल आणि फिल्टर बदलून दिलास, तेव्हापासून गाडी झकास पळते आहे. रोजची अकरा घरं, एकही चुकलेलं नाही. मास्तरांचं इंजेक्शन आठच्या ठोक्याला, गवंड्याच्या पायाची पट्टी साडेनऊला, आणि सगळ्यात शेवटी शिंपीआजोबा. त्यांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख मिळाली एकदाची. तेवीस तारीख, शुक्रवार. मोठं हॉस्पिटल घाटापलीकडे, नव्वद किलोमीटर. बसने त्यांना झेपणार नाही, म्हणून मीच नेणार आहे.

आता दोन गोष्टी. पहिली अशी, की आमच्या रुग्णगाडीचा ड्रायव्हर म्हणतो, दोन तेलांना एक फिल्टर पुरतो, तुमचे दादा हौसेने दर वेळी नवा बसवतात. मी त्याच्याशी कडाकडा भांडले. का बदलायचा ते मला माहीत नाही, पण तू बदलतोस म्हणजे बदलायचाच, एवढं मला पुरतं. तरी कारण कळव, म्हणजे पुढच्या वेळी अभ्यास करून भांडेन.

दुसरी, रात्रभर उभ्या गाडीखाली सकाळी तेलाचा डाग दिसतो. बशीएवढा असेल. काही काळजीचं आहे का?

तुझी,
धाकटी

---

१७ ऑक्टोबर

धाकटे,

ड्रायव्हरला आधी निकालात काढू. त्याला विचार, चहा गाळून झाला की कालचा चोथा गाळण्यात ठेवून तू आज चहा गाळतोस का? ठेवत असेल तर त्याच्याकडे चहा पिऊ नकोस.

इंजिनात तेल फिरतं ते धातूचे कण, काजळी, चिकट गाळ घेऊन फिरतं. फिल्टरच्या डब्यात घड्या घातलेला कागद असतो, तो हे सगळं धरून ठेवतो. धरता धरता भरतो. आणि आता खरी गोम ऐक. भरलेला फिल्टर तेल अडवत नाही. इंजिन कोरडं पडू नये म्हणून त्यात एक छोटं झाकण ठेवलेलं असतं, ते उघडतं आणि घाणेरडं तेल न गाळताच पुढे जातं. गाडी चालते, आवाज येत नाही, दिवा लागत नाही. दोन-तीन वर्षांनी इंजिन बसतं आणि लोक म्हणतात, अचानक झालं. अचानक काही होत नसतं. शिवाय जुना फिल्टर तसाच ठेवलास तर त्यात मुरलेलं काळं तेल नव्या तेलात पहिल्याच मिनिटाला मिसळतं. मग नवं तेल घातलंस कशाला?

कधी बदलायचा, तर दर तेलाबरोबर. गाडीच्या पुस्तकात किलोमीटर दिलेले असतात आणि महिनेही. जे आधी संपेल ते धरायचं. आणि तुझी गाडी लांब पळत नाही, या घरून त्या घरी उड्या मारते. इंजिन पुरतं तापायच्या आत तू ते बंद करतेस. मग आतली वाफ उडून जात नाही, तेल लवकर नासतं. म्हणून तुला वर्षभर थांबायचं नाही, सहा महिन्यांनी बदलायचं. हौस वगैरे काही नाही.

डागाचं म्हणशील तर बदलताना थोडं तेल सांडतं, ते खालच्या पत्र्यावर साचून थेंब थेंब पडत राहतं. थांबेल. रोज इंजिनातली तेल मोजायची पट्टी काढून बघत जा.

दादा

ता. क. : पाकीट चिकटवायचं काम माझ्याकडे आहे, म्हणून चार ओळी. तुझं पत्र आल्यापासून यांचं चित्त थाऱ्यावर नाही. सकाळभर शेडमधला भंगाराचा पिंप उपसत होते. जुना फिल्टर हातात घेऊन बसले होते. विचारलं, तर म्हणे काही नाही. या महिन्यात तिसरा कप फुटला. काय झालंय ते तुला ठाऊक असेल तर मला कळव, कारण मला सांगायचं नाही असं यांनी ठरवलेलं दिसतंय. — वहिनी

---

२० ऑक्टोबर

दादा,

ड्रायव्हर गप्प झाला. चहाच्या चोथ्याने जे झालं ते माझ्या आरडाओरड्याने झालं नव्हतं. काल त्याने आपण होऊन रुग्णगाडीचा फिल्टर मागवला.

वहिनी म्हणते, तू भंगारात बसून असतोस. मला कळलं बरं का. गॅरेज बंद करून दोन वर्षं झाली, आता महिन्यातून एखादी गाडी हाताखाली येते, तीही बहिणीची. आणि त्या बहिणीने डागाची तक्रार करावी. तुला वाटलं असणार, हिचा माझ्यावरचा विश्वास उडाला. तसं काही मनात आणू नकोस. दवाखान्यातल्या मोठ्या बाई म्हणाल्या, शुक्रवारी लांब जायचंय, बसस्टँडजवळच्या गॅरेजमध्ये एकदा दाखवून घ्या. मी स्पष्ट सांगितलं, या गाडीला माझ्या दादाखेरीज कुणाचा हात लागलेला नाही आणि लागणारही नाही.

डाग मात्र थांबला नाही. आता ताटाएवढा झालाय. पट्टी काढून पाहिली, तेल खालच्या खुणेला टेकलं होतं. अर्धा डबा ओतला, परत वर आलं. तू सांगितलंस तसं सांडलेलं तेलच असणार. फार सांडवलंस हो या वेळी.

गुरुवारी दुपारीच मी शिंपीआजोबांच्या घरी मुक्कामाला जाते, म्हणजे शुक्रवारी पहाटे आजोबांना आणि त्यांच्या सुनेला घेऊन तिथूनच निघता येईल. ते तीन महिने या तारखेची वाट बघतायत. चुकली तर पुन्हा तीन महिने. एक डोळा कधीच गेला आहे, दुसऱ्याने फक्त उजेड कळतो. सुनेचं तोंड पाहून दोन वर्षं झाली म्हणतात. तिच्यासाठी चोळी शिवायला घेतली आहे, ती डोळा आल्यावर पुरी करणार.

तुझी,
धाकटी

---

२२ ऑक्टोबर, दुपार

धाकटे,

गाडी चालू करू नकोस. हे पत्र बसच्या ड्रायव्हरच्या हाती देतोय, तुझ्या हातात ठेव म्हणून सांगितलंय. वहिनीने दवाखान्यात तीनदा फोन केला, कुणी उचलत नाही. जिथे असशील तिथे गाडी सोड. किल्लीला हात लावू नकोस. आजोबांना दुसऱ्या कुठल्याही गाडीने ने.

फिल्टरच्या तोंडाला रबराची रिंग असते. जुना फिल्टर काढताना ती कधी कधी सुटून इंजिनाला चिकटून राहते. ती काढून मगच नवा फिल्टर लावायचा. राहिली आणि वर दुसरी रिंग बसली, तर दोन्ही एकमेकींवर घट्ट राहत नाहीत. आधी पाझरतं, मग एक दिवस जोर आला की रिंग बाहेर पडते आणि सगळं तेल मिनिटभरात रस्त्यावर येतं. इंजिन कोरडं. घाटात, चढावर, तुम्ही तिघं आत.

तुझ्या गाडीला तसं झालंय. अंदाज नाही सांगत, मला माहीत आहे. तुझं पहिलं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पिंपातून तुझा जुना फिल्टर शोधून काढला. त्याला रिंग नव्हती. पिंप रिकामा करून पाहिला, तिथेही नव्हती. तरी मी तुला लिहिलं, सांडलेलं तेल आहे, थांबेल.

का लिहिलं ते ऐक. माझे वस्ताद सांगायचे, गाडीखाली डोळा फसतो, अंधार असतो, काळ्यावर काळी रिंग दिसत नाही. बोट फिरवायचं. बोटाला कळतं. चव्वेचाळीस वर्षं मी बोटच फिरवत आलो. त्या रविवारीही फिरवलं. गुळगुळीत लागलं, म्हटलं साफ आहे. पण गुळगुळीत नव्हतं, मला लागतच नव्हतं काही. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं दहा महिन्यांपासून बधिर आहेत. शर्टाची गुंडी बघून लावतो. कप हातातून कधी सुटला ते फुटल्यावर कळतं. वहिनीला सांगितलं नाही, तुला नाही, स्वतःलाही धडपणे सांगितलं नाही. बोटं गेली तर मी कोण उरतो ते मला ठाऊक नव्हतं.

म्हणून गप्प बसलो. आज तुझं पत्र आलं, त्यात लिहिलंस की दादाखेरीज कुणाचा हात लागणार नाही. ते वाचलं आणि लिहायला बसलो. तुझ्या जिवापेक्षा मी माझं नाक मोठं धरलं.

बसची वेळ झाली. पोचलं की कळव, लगेच कळव.

दादा

---

२४ ऑक्टोबर

दादा,

आधी हे वाच : मी सुखरूप आहे. आजोबा आणि त्यांची सून सुखरूप. ऑपरेशन वेळेवर झालं. इंजिनही वाचलं. आता पाणी पी आणि मग पुढचं वाच.

तुझं पत्र मला मिळालं नाही. म्हणजे मिळालं, पण काल संध्याकाळी घरी आल्यावर, दाराखाली. बसवाल्याने दार वाजवलं असेल, पण मी आधीच आजोबांकडे गेले होते.

घाटाच्या शेवटच्या चढावर तेलाचा लाल दिवा लागला. तू मला गाडी शिकवलीस तेव्हा एक वाक्य इतक्यांदा म्हणायचास की मी कंटाळून तोंड फिरवायची. बाकीचे दिवे लागले तर विचार कर, तेलाचा लागला तर विचार करू नकोस, किल्ली फिरव. मी फिरवली. गाडी कडेला घेतली. आरशात बघितलं तर मागे रस्त्यावर काळा पट्टा, वळणापर्यंत गेलेला. मागून आजोबांनी विचारलं, “पोचलो का गं?” म्हटलं, “जवळजवळ.”

दुधाचा टँकर आला. ड्रायव्हर भला माणूस. त्याने दोघांना पुढे बसवलं आणि थेट हॉस्पिटलच्या दारात सोडलं. दहाची वेळ होती, पावणेदहाला पोचले. मी गाडीपाशी थांबले. घाटाखालच्या गॅरेजमधून एक मेकॅनिक आला, वयाने तुझ्या निम्मा, उंचीने दीडपट. गाडी खाली ओढून नेली, फिल्टर काढला आणि दोन रिंगा माझ्या तळहातावर ठेवल्या. एक सपाट झालेली, जुनी. एक फाटलेली, नवी. मग विचारलं, “कुणी बसवला होता?”

दादा, आयुष्यभर मी ‘माझा दादा’ असं ऐटीत सांगत आले. काल म्हटलं, “ओळखीचे एक जण आहेत.”

त्याने नवा फिल्टर लावला, तेल भरलं, इंजिन चालू करून दहा मिनिटं कान लावून उभा राहिला. मग म्हणाला, वाचलं. दिवा लागल्यावर अर्धा मिनिट जरी रेटली असती तरी संपलं होतं. मी तिथल्याच बाकावर बसून रडले. सुटलो म्हणून रडले आणि रागानेही. घरी येईपर्यंत तुझ्याशी मनातल्या मनात भांडत होते. दादा चुकला याचा राग नव्हता. त्याला कळलं कसं नाही, आणि कळलं असेल तर बोलला का नाही, याचा होता.

दार उघडलं तर पायाशी तुझं पत्र. उभ्याउभ्या वाचलं. राग कुठल्या कुठे गेला असं म्हणणार नाही. थोडा आहे, दोन दिवस राहील. पण छातीवरचा धोंडा उतरला. तू सांगितलंस. उशिरा का होईना, पण आपल्या हाताने लिहून सांगितलंस.

आता माझी पाळी. त्या रविवारी चहा करताना तुझा हात तापलेल्या किटलीला टेकला होता. तू बोलत होतास, हात काढला नाहीस. मी पाहिलं. मी नर्स आहे दादा, रोज अकरा घरी जाऊन हेच बघते. मला त्या क्षणी कळलं की या बोटांना कळत नाही. आणि मी काय केलं, तर किटली उचलून बाजूला ठेवली आणि विषय बदलला. तुला वाईट वाटेल म्हणून. त्यानंतर तासाभराने तू गाडीखाली गेलास. तेव्हा तू एकटाच चुकला नाहीस.

या आठवड्यात डॉक्टरकडे जा. नाही गेलास तर मी येऊन नेईन, आणि वाटेत तुला गाडी चालवण्याबद्दल एक शब्द बोलू देणार नाही.

तुझी,
धाकटी

---

२९ ऑक्टोबर

धाकटे,

तुझं पाकीट मला उघडवेना. वहिनीने उघडलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं. मला ऐकू यावं म्हणून इतक्या मोठ्याने, की शेजारचे विचारायला आले, काय झालं. पहिलं वाक्य तिच्याकडून तीनदा वाचून घेतलं. आठवड्यात पहिल्यांदा पोटभर जेवलो.

डॉक्टरकडे गेलो. मला वाटत होतं साखर असेल, आता पायही जातील, मग डोळे. मनातल्या मनात मी स्वतःला पार पोचवून आलो होतो. निघालं भलतंच. मनगटातली शीर दबली आहे. इतकी वर्षं पाने आवळून आवळून. छोटं ऑपरेशन आहे, मनगटाला बारीक चीर द्यायची आणि शिरेला जागा करून द्यायची. डॉक्टर म्हणाले, दहा महिने काय करत होतात? वहिनी म्हणाली, कप फोडत होते.

स्पर्श पुरता परत येईल की नाही हे ते आत्ताच सांगत नाहीत.

एक काम कर. पुढचा फिल्टर त्या उंच मेकॅनिककडे बदल. एप्रिल लागला की जा, किलोमीटर बघत बसू नकोस. आणि त्याला सांग, तो फिल्टर माझ्या दादाने बसवला होता. ओळखीच्या एका जणाने नाही. माझी चूक आहे, ती माझ्या नावावर असू दे.

दादा

---

६ नोव्हेंबर

दादा,

एप्रिलपर्यंत थांबवलं नाही. काल घाटाखाली काम होतं, गॅरेजमध्ये शिरले आणि सांगून टाकलं. माझ्या दादाने बसवला होता, चव्वेचाळीस वर्षांचा अनुभव आहे, बोटं बधिर झाली होती, त्याला कळलं नाही.

तो हात पुसत म्हणाला, “माझी बोटं ठणठणीत आहेत ताई, तरी मी दोनदा केलंय. एकदा तर सासऱ्यांच्या गाडीला.”

मी विचारलं, मग सासऱ्यांना सांगितलं का? म्हणाला, “नाही. आजवर नाही. तुमच्या दादांनी सांगितलं?” म्हटलं, लिहून दिलंय. त्याने हातातलं फडकं खाली ठेवलं. मग तुला नमस्कार सांगितलाय.

शिंपीआजोबांची पट्टी निघाली. पहिलं काय पाहिलं असेल, तर सुनेला नाही, चोळीची शिलाई. नाक मुरडलं आणि म्हणाले, हे उसवून टाका. सून हसत हसत रडत होती.

ऑपरेशनच्या दिवशी मी येते.

तुझी,
धाकटी

---

१२ डिसेंबर

धाकटीस, वहिनीकडून.

यांचा हात अजून लिहिण्याइतका सैल झालेला नाही, म्हणून मी लिहिते. हे पलीकडे बसून काय लिहायचं ते सांगतायत, आणि मी त्यातलं काहीही लिहीत नाहीये.

तू ऑपरेशनला थांबलीस, त्यानंतर दोन आठवडे काही फरक नव्हता. यांनी बोलणं कमी केलं. सकाळी उठले की पहिलं काम म्हणजे अंगठा चादरीवर घासून बघायचं. काही कळलं की नाही ते चेहऱ्यावरून दिसायचं, मी विचारायची नाही. परवा शेडला कुलूप लावून किल्ली माझ्याकडे दिली. म्हणाले, ठेव तुझ्याकडे. मी ठेवली.

काल तपासणीला गेलो. डॉक्टरांनी यांना डोळे मिटायला सांगितलं आणि बोटांना एकेक करून टाचणी टोचायला सुरुवात केली. करंगळी, हो म्हणाले. ती आधीपासून चांगलीच होती. तिच्या शेजारची, हो. मधलं बोट आलं, तर काहीच नाही. मग त्याच्या पुढचं बोट, आणि हे एवढ्या जोरात ओरडले की बाहेर बसलेल्या माणसाने दार उघडून आत पाहिलं. डॉक्टर म्हणाले, सॉरी, जोरात लागली का?

हे म्हणाले, “लागली.” मग पुन्हा म्हणाले, “लागली हो.” आणि तिथेच, डॉक्टरांच्या समोर, मोठ्याने रडायला लागले. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली, मी यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. डॉक्टरांनी अंगठ्याला टोचलं, तेही लागलं. मधलं बोट यायला वेळ लागेल, पण येईल म्हणाले.

रिक्षात बसल्यावर यांनी माझा हात धरला. रस्त्यात, सगळ्यांच्या देखत. घर येईपर्यंत माझ्या बांगड्यांवरून अंगठा फिरवत होते. एकेक बांगडी मोजत होते. मी विचारलं, किती आहेत? म्हणाले, थांब, घाई करू नकोस, चुकेल.